सर, सहा घ्या

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी गोल्फ खेळतो. रविवारच्या क्रिकेटला बावीस सोडा, अकरा जणही जमेनासे झाले आणि त्यात डावा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हापासून. 'श्रीमंतांचे चोचले', 'रिटायर्ड कर्नल लोकांचा खेळ', 'काठीने गोटी ढकलायची आणि मागे चालत जायचं' वगैरे सगळे टोमणे ऐकून झालेत, त्यातले बरेचसे घरातूनच. तेव्हा ते सोडून बोला. ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गाडी शेवटी हापिसातच जाणार आहे. (सॉफ्टवेअरवाल्याची गाडी दुसरीकडे कुठे जाणार म्हणा!)

तर, गेल्या जुलैतला एक रविवार. पुण्यात आदल्या रात्री धो धो पाऊस, सकाळी छान उघडीप. आम्ही चौघं. पार चारचा होल, माझा पहिला फटका चक्क फेअरवेवर, आणि आता ग्रीनच्या मध्यापर्यंत १४५ यार्ड. ग्रीन जरा उंचावर, पुढे तोंड वासून बसलेला बंकर, झेंडा मधोमध.

माझं उत्तर तयार होतं. 'आपला सेव्हन आयर्न दीडशे जातो.' १४५ म्हणजे सेव्हन, विषय संपला. कॅडीमामांनी मात्र बॅगेतून सिक्स अर्धा वर ओढून धरला होता.

"सर, सहा घ्या."

"नको मामा, सातच द्या."

मामा काही बोलले नाहीत. सिक्स खाली गेला, सेव्हन वर आला. बॉल मस्त उंच गेला, आणि थप्पकन बंकरमध्ये पडला. ओली वाळू. पहिल्या फटक्यात बॉलऐवजी वाळूच बाहेर आली, मग कसाबसा बॉल आला, मग तीन पट. त्या होलवर सात झाले. आणि मी काय म्हणालो असेन? "जरा हेवी बसला यार, नाहीतर बरोब्बर होता."

हे वाक्य लक्षात ठेवा. 'नाहीतर बरोब्बर होता.' मी ते दर रविवारी किमान सहा-सात वेळा म्हणतो, आणि माझ्याबरोबरचे तिघंही म्हणतात. त्या दिवशी चौघांपैकी तिघांचे बॉल ग्रीनच्या अलीकडे होते, चौथ्याचा डावीकडे झाडांत. ग्रीनच्या पलीकडे एकही नाही. तुम्ही कुठल्याही कोर्सवर जाऊन बघा, हौशी लोकांच्या पायांनी ग्रीनच्या पुढचा भाग तुडवलेला असतो आणि मागचं गवत कसं हिरवंगार, टवटवीत, जणू कोणी कधी तिथे गेलेलंच नाही. नेम चुकणं ही एक गोष्ट. पण नेम चुकला तर निम्मे अलीकडे आणि निम्मे पलीकडे पडायला हवेत की नाही? सगळे एकाच बाजूला पडत असतील तर त्याला चूक म्हणत नाहीत. आमच्या धंद्यात त्याला बग म्हणतात, आणि बग म्हटला की शनिवार-रविवार गेलाच.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. ग्रीनवर बॉल पोचवायचा जो लांबचा फटका असतो तो अप्रोच. बॅगेत आकडे लिहिलेले आयर्न असतात. आकडा जितका लहान तितका फटका लांब आणि सपाट, आकडा मोठा तितका आखूड आणि उंच. दोन लागोपाठच्या क्लबांमध्ये साधारण दहा यार्डांचा फरक. म्हणजे अप्रोचमधला निम्मा खेळ हात न हलवता, नुसतं उभं राहून, 'कुठला क्लब' या एका निर्णयात होतो. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्रोफेसर मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांची आकडेमोड केली आणि २०१४ मध्ये 'एव्हरी शॉट काउंट्स' हे पुस्तक काढलं. त्यात त्यांनी दाखवलंय की अव्वल खेळाडू इतरांपेक्षा जे फटके वाचवतात, त्यातले सुमारे ४० टक्के अप्रोचमध्ये वाचवतात. पटिंगमध्ये जेमतेम १५ टक्के. आणि आम्ही दुकानात जाऊन महागडा पटर घेऊन येतो. असो.

त्या बंकरच्या रागात पुढच्या शनिवारी मी रेंजवर गेलो. तिथे आता लाँच मॉनिटर आलाय. रडारवाली एक पेटी असते, बॉल किती वेगाने उडाला आणि हवेतून किती लांब गेला ते सांगते. सेव्हन आयर्नने वीस बॉल मारले आणि प्रत्येकाचा आकडा लिहून घेतला, अगदी वाईटांचासुद्धा. (हे 'सुद्धा' फार महत्त्वाचं आहे. एरवी आपण दोन बॉल वाईट गेले की 'हे वॉर्म-अपचे' म्हणून सोडून देतो.) वीसपैकी एक बॉल १५१ गेला. एकच. सरासरी आली १३२.

म्हणजे दीडशे हा आकडा खोटा नव्हता हो! दीडशे जातो माझा सेव्हन. वीसातून एकदा जातो. मी फक्त त्या एका बॉलचं नाव 'माझा सेव्हन' असं ठेवलं होतं आणि बाकीच्या एकोणीसांना 'जरा हेवी बसलेले' म्हणून अनौरस ठरवलं होतं.

घरी येऊन एक्सेलमध्ये त्या वीस आकड्यांचा ग्राफ काढला आणि हसूच आलं, कारण हे चित्र मी रोज बघतो. सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम असाच दिसतो, फक्त आरशातला. रिक्वेस्ट कितीही जोरात पळाली तरी एका ठरावीक वेळेच्या खाली ती जाऊच शकत नाही. तिकडे भिंत असते. दुसऱ्या बाजूला मात्र लांबच लांब शेपूट: नेटवर्क हळू, डेटाबेस लॉक, कोणीतरी त्याच वेळी रिपोर्ट काढतोय. गोल्फमध्ये भिंत वरच्या बाजूला असते. बॉल क्लबच्या बरोबर मध्यावर लागला तर १५१. त्याहून जास्त 'बरोबर मध्यावर' असं काही नसतं. पण मध्यापासून बोटभर सरकला की बॉलचा वेग कमी होतो, आधी जमिनीला लागला की अजून कमी, वरच्या अर्ध्यात लागला की सुरसुरत जातो. चुकायचे सगळे रस्ते आखूडकडेच जातात. चुकून वीस यार्ड जास्त गेला असं जवळपास होत नाही. (जाणकार आता 'फ्लायर' म्हणून हात वर करतील. मान्य. लांब गवतातून क्लब आणि बॉलच्या मध्ये पाती आली की स्पिन कमी होतो आणि बॉल कधीकधी उगाच लांब उडतो. पण तो अपवाद, आणि त्याचं कारण गवत असतं, आपण नाही.)

आता या ग्राफवर दीडशेचा आकडा ठेवा. तो भिंतीला चिकटलेला आहे! म्हणजे मी क्लब निवडतानाच ठरवून टाकतो की सगळं जगातलं उत्तम घडलं तर मी झेंड्यापाशी पोचेन आणि जरा काही कमीजास्त झालं तर बंकर. ग्रीन असतो पुढून मागे पंचवीस-तीस यार्ड. झेंडा मधोमध असेल तर त्याच्या मागे बारा-पंधरा यार्ड मऊ हिरवळ माझी वाट बघत असते, आणि मी ती कधी वापरतच नाही. पैसे भरलेत ना पूर्ण ग्रीनचे?

बाकी छोटीमोठी कारणं आहेतच. उन्हाळ्यात आपल्याकडचे फेअरवे तव्यासारखे कडक होतात, बॉल ग्रीनच्या बराच अलीकडे पडून उड्या मारत वर जातो आणि आपण तो सगळा प्रवास 'माझा सेव्हन' या खात्यात जमा करतो. मग जुलैत जमीन मऊ झाली की बॉल पडतो तिथेच बसतो, पण डोक्यातला आकडा मात्र मे महिन्यातलाच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवा जरा विरळ, त्यामुळे इथे दोनेक टक्के लांबी फुकट मिळते. चेंबूरला खेळायला गेलात की ती परत काढून घेतात. समोरचा वारा जेवढं नेतो तेवढं मागचा वारा देत नाही. आणि टीव्हीवर तर बघायलाच नको. तिथल्या लोकांचा सेव्हन आयर्न सरासरी १७० यार्डांच्या वर जातो, मग दीडशे म्हणजे आपल्याला आपण नम्रच वाटतो.

पण ही सगळी मला पळवाट वाटते. वारा, पाऊस, उंची सगळं धरूनही माणूस एकदा चुकेल, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा शिकेल. आम्ही दहा-दहा वर्षं शिकत नाही. मला तरी खरं कारण एका प्रश्नात दिसतं. पार थ्रीवर कोणाचा फटका चांगला बसला की बाकीचे हमखास विचारतात, "काय मारलास?" आणि तो अगदी सहज, हातमोजा काढत म्हणतो, "एट." आहाहा! त्या 'एट'मध्ये जो आनंद आहे तो ग्रीनवर असण्यात नाही. बॉल कुठे पडला हे दोन मिनिटांत विसरलं जातं, पण 'दीडशेला एट मारतो तो' ही ओळख वर्षभर टिकते. कंपन्यांनाही हे बरोबर कळलंय. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या सेटमधला सेव्हन माझ्या सेव्हनपेक्षा बराच जास्त तिरका आहे. म्हणजे आज ज्यावर सात लिहितात तो त्यांच्या काळचा पाच-सहा आहे. क्लब तोच, फक्त आकडा बदलला आणि आपली छाती दोन इंच फुगली. सिक्स मागून घेणं म्हणजे चारचौघांत 'माझी तेवढी ताकद नाही' असं सांगणं, आणि तेही मोठ्याने, कारण क्लब मामांकडे मागावा लागतो!

दुसरी एक गंमत आहे. आखूड पडलेला बॉल समोर दिसतो. तो बिचारा वाटतो. थोडक्यात हुकला, प्रयत्न चांगला होता. ग्रीनच्या पलीकडे गेलेला बॉल दिसेनासा होतो, आणि मारणारा मूर्ख वाटतो. "अरे केवढा क्लब घेतलास?" असं सगळे हसून विचारतात. बंकरमध्ये घातला तर कोणी हसत नाही. सहानुभूती मिळते. दोन्ही चुका, पण एकीला चहा मिळतो आणि दुसरीला टपली.

आता तुम्ही म्हणाल, मागे जाणं खरंच वाईट असतं की! बरेच ग्रीन मागून पुढे उतरते असतात, मागून चिप करायची म्हणजे बॉल उतारावरून सरळ खाली. खरं आहे. आमच्याच कोर्सवर असे एकदोन ग्रीन आहेत जिथे मामा स्वतःच "अलीकडे ठेवा सर" म्हणतात. तिथे अलीकडे ठेवावा. माझं म्हणणं एवढंच की ठरवून अलीकडे ठेवणं वेगळं आणि झेंड्यावर नेम धरून अलीकडे पडणं वेगळं. आणि कोर्स बांधणारे काही वेडे नसतात. पाणी आणि वाळू ते जास्त करून ग्रीनच्या पुढेच घालतात, कारण बॉल कुठे पडणार हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

याला मोठे लोकही अपवाद नाहीत. ऑगस्टा नॅशनलचा बारावा होल, अवघा १५५ यार्डांचा, पुढे ओढा. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथ शेवटच्या नऊ होलांना पाच फटक्यांची आघाडी घेऊन आला आणि इथे दोन बॉल पाण्यात घातले. पार तीनला सात. स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली. २०१९ च्या शेवटच्या दिवशी मोलिनारी, केप्का, फिनाऊ, पोल्टर या चौघांचे बॉल त्याच ओढ्यात गेले. टायगर वुड्सने झेंड्याकडे न बघता डावीकडे, बंकरवरून, ग्रीनच्या सुरक्षित भागात मारला. कोणी टाळ्या वाजवाव्यात असा तो फटका नव्हता. त्या संध्याकाळी हिरवा कोट मात्र त्याने घातला.

हुश्श. आता हापिस.

२०२३ ची गोष्ट. एका क्लायंटचं जुनं बिलिंग मॉड्यूल नव्या डेटाबेसवर न्यायचं होतं. किती वेळ लागेल? मी म्हणालो, सहा आठवडे. का सहा? कारण पूर्वी असंच एक काम आम्ही सहा आठवड्यांत केलं होतं. त्या वेळी कोणी सुट्टीवर गेलं नाही, क्लायंटचा टेस्टर वेळेवर उत्तरं द्यायचा, एन्व्हायर्नमेंट एकदाही पडलं नाही. सगळे ग्रह उच्चीचे. म्हणजे तो माझा १५१ होता. मधल्या काळात तशी अजून तीन कामं झाली होती, नऊ, दहा, बारा आठवड्यांची. ती डोक्यात 'काहीतरी लफडं झालेली कामं' म्हणून वेगळ्या कप्प्यात होती.

टीममधला एक मुलगा, लातूरकडचा, हळू बोलणारा. मीटिंगमध्ये म्हणाला, "सर, नऊ-दहा धरूया का?" मी म्हणालो, "नको रे, पॅडिंग वाटेल." तो काही बोलला नाही. मीटिंगनंतर त्याने विचारलं, आठव्या आठवड्यात बहिणीचा साखरपुडा आहे, तिकीट काढू ना? म्हटलं, काढ की बिनधास्त, तोपर्यंत आपण मोकळे.

अकरा आठवडे लागले. आठव्या आठवड्यातल्या त्या रविवारी तो आणि मी हापिसात होतो. त्याने मीटिंग रूममध्ये फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि कानात हेडफोन घालून साखरपुडा बघत होता. मध्येच हसून कोणालातरी हात केला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "सर, ती स्क्रिप्ट परत चालवून बघू?" त्यानंतर त्याने तो विषय कधीच काढला नाही. तो काढत नाही म्हणून मलाही काढता आला नाही.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. पण माझा आवडता प्रयोग १९९४ चा, ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांचा. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? विद्यार्थ्यांचा खरा अंदाज सरासरी ३४ दिवस. सगळं सुरळीत झालं तर? २७. आणि सगळंच बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे माणसाचा 'खरा' अंदाज त्याच्या उत्तम अंदाजापासून आठवडाभरही दूर नसतो, आणि ज्याला तो 'सगळंच बिघडलं' म्हणतो त्याच्याही पलीकडे वास्तव बसलेलं असतं. त्या मुलांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. मीही सेव्हन दीडशे जातो म्हणताना खोटं बोलत नव्हतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसंच एक काम आलंय. या वेळी मी आधी जुनी तिकिटं उघडली आणि मागची सगळी कामं, लफड्यांसकट, एका शीटमध्ये मांडली. मग लातूरवाल्याला विचारलं. तो आता सीनियर झालाय, पण बोलतो अजून तितकंच हळू. तो म्हणाला, "सर, बारा." मी मेलमध्ये 'बारा ते चौदा आठवडे' लिहिलं. शुक्रवारी मॅनेजरचा फोन आला, जरा जास्तच नाही का वाटत? म्हटलं वाटतंय. मेल तसाच पाठवला. सोमवारी क्लायंटचा कॉल आहे आणि ते आठ म्हणणार हे मला आत्ताच दिसतंय.

आणि आज सकाळी पुन्हा तोच होल, तोच बंकर, १४४ यार्ड. मामांनी काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "मामा, सहा." त्यांनी दिला. आणि च्यायला, वर्षातून एकदा बसतो तसा बसला बॉल. अगदी मध्यावर, हाताला कळलंसुद्धा नाही. झेंड्यावरून सरळ पलीकडे, ग्रीनच्या पार मागच्या कडेला, चाळीस फूट. तिथून तीन पट.

"बघ," मित्र म्हणाला, "सेव्हनच होता."

मी मामांकडे बघितलं. ते बॅग खांद्याला लावून पुढच्या टीकडे चालायला लागले होते.